शून्य नंबरची टोपी

“आता मी जे सांगणार ना, ते इथल्या एकाच्याही घशाखाली उतरायचं नाय. आत्ताच सांगून ठेवतो. नंतर माझ्या नावाने बोंब मारायची नाय!”

असं म्हणून सहदेव घाडीगावकराने चहाचा रिकामा कप बशीत उपडा घातला. म्हणजे आता चहा बंद, गोष्ट सुरू. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये जमलेल्या तीस-पस्तीस माणसांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

“घशाखाली वडा उतरतोय ना, तेवढं पुरे,” कँटीनवाला धोंडिराम काउंटरमागून ओरडला. “तू सुरू कर. पण आधी आजचा रेट सांग. गणपतीत तुझ्या गोष्टीत पेशंट चार वाचले होते, दिवाळीत सात झाले. आज किती?”

“आज एकच.”

“एकच? सहदेवमामा, बरं नाही वाटत का तुम्हाला?” सिस्टर पद्मजा म्हणाली आणि सगळं कँटीन हसलं.

मुलुंडच्या त्या धर्मादाय हॉस्पिटलात निरोप समारंभ कुणाचाही असो, शाल-नारळ झाला, ॲडमिनिस्ट्रेटर नंदकिशोर पाटणकरांचं भाषण झालं, की सहदेवची गोष्ट व्हायचीच. तो कॉम्प्युटर रूमचा शिपाई. गोष्ट एकच, शहाऐंशीच्या दसऱ्याला कॉम्प्युटर मेला आणि सहदेवने तो जिवंत केला ती. तीन वर्षांत सहदेवच्या हाताखाली तिने चांगलं बाळसं धरलं होतं. मशीन आधी कपाटाएवढं होतं, ते वाढत वाढत ॲम्ब्युलन्सएवढं झालं. इंजिनियर आधी एक होता, पुढे जर्मनीहून दोन आले. ऐकणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. खरं ऐकायला कोण बसतं? खरं काय, घरी बायको रोज ऐकवतेच.

फक्त ज्यांचा आज निरोप होता, त्या नलिनी रेगे यांनी ही गोष्ट एकदाही ऐकली नव्हती. केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाला चहाच्या वेळी कँटीन दिसत नाही. रांग हलते, संपत नाही. आज अठ्ठावन्न पुरी झाल्यावर त्या पहिल्यांदाच पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर शाल आणि शालीवर नारळ घेऊन.

आणि नेमक्या त्यामुळे सहदेव त्या खुर्चीकडे बघायचं टाळत होता. सकाळी नाहूरच्या खोलीत डबा हातात देताना रुक्मिणी, त्याची बायको, म्हणाली होती, “आज तरी खरा सांग. उद्यापासून ती बाय तुका खय गावतली?” सहदेव डबा घेऊन तसाच बाहेर पडला होता. बोलण्यात जन्म गेलेला माणूस तो, पण बायकोपुढे आणि या एका बाबतीत त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

कारण नेहमीच्या गोष्टीत सहदेव हिरो होता. खऱ्या गोष्टीत तो चहाचा ट्रे धरून उभा होता.

“दिवस होता खंडेनवमीचा,” त्याने सुरुवात केली. “शनिवार. पाटणकरसाहेबांचा हुकूम, की हॉस्पिटलातल्या सगळ्या मशिनींची पूजा करा. एक्स-रेला हार, लिफ्टला हार, कपडे धुवायच्या मशीनला हार. कॉम्प्युटरला पण हार. बरोबर ना साहेब?”

पाटणकरांनी घड्याळाकडे बघत मान हलवली.

“आता मी माणूस गिरणीतला. लालबागला बावीस वर्षं साचे, म्हणजे माग, चालवले. गिरणीत खंडेनवमी म्हणजे नुसता हार नाय घालायचा. साच्याचं जे जे निघतं ते काढायचं, धुवायचं, पुसायचं, परत जागच्या जागी लावायचं. मग हार. पारोशा देवाला कोण फूल वाहतो?”

“मग कॉम्प्युटरला काय नळाखाली धरलास?” धोंडिराम म्हणाला.

“त्याला नाय. त्याच्या टोप्यांना.”

दुसऱ्या रांगेत एक-दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नेहमीच्या गोष्टीत टोप्या होत्या, पण त्यांची अंघोळ नव्हती.

संप झाला, गिरणी गेली, तेव्हा सहदेवचं वय पन्नाशीला आलं होतं. तीन वर्षं तो नाहूर स्टेशनबाहेर गोणपाटावर कांदे-बटाटे मांडून बसला. मग कुणाच्या तरी ओळखीने या हॉस्पिटलात बदली शिपाई म्हणून लागला. कॉम्प्युटर रूम त्याच्या वाट्याला आली ती केवळ तिथल्या एसीमुळे. बाकीच्या शिपायांची हाडं धरायची. सहदेवने स्वेटर घेतला आणि टिकून राहिला.

त्या खोलीतलं मशीन एका औषध कंपनीने जुनं झालं म्हणून दान दिलेलं. त्याला दोन डिस्क-ड्राइव्ह, गुडघाभर उंचीची दोन खोकी, शेजारी शेजारी. डाव्या डिस्कवर युनिक्स, म्हणजे ज्याच्या जोरावर मशीन सकाळी उठून उभं राहतं ते सगळं. उजव्या डिस्कवर चौदा हजार रक्तदात्यांचं रजिस्टर. दोन्ही खोक्यांच्या कपाळावर बोटाच्या पेराएवढी पांढरी प्लॅस्टिकची टोपी, मागे दिवा. डावीवर आकडा शून्य, उजवीवर एक. टोपी चिमटीत धरून ओढली की निघायची.

ते रजिस्टर एकट्या नलिनीबाईंनी भरलेलं. त्या मूळच्या टायपिस्ट. चौपन्नाव्या वर्षी कंपनीच्या माणसाकडून कॉम्प्युटर शिकल्या, वहीत आज्ञा लिहून घेऊन पाढ्यांसारख्या पाठ केल्या, आणि दीड वर्षात चौदा हजार कार्डं मशीनमध्ये घातली. रोज सकाळी कळ दाबताना हळूच म्हणायच्या, “ऊठ रे बाबा.” ते उठायचं. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे काही यायचं, ते पुढे केसपेपरच्या खिडकीतून कुणाला दिसलं नाही.

“दोन्ही टोप्या काढल्या,” सहदेव सांगत होता. “साबणाच्या पाण्यात घातल्या. धूळ कसली, काजळीच ती! चकाचक करून पेपरवर वाळत ठेवल्या. पूजा आटोपली, बाई घरी गेल्या, मी टोप्या लावायला बसलो. आणि बसलो तसाच राहिलो. कुठली कुठे होती?”

“वाट लागली,” पद्मजा म्हणाली.

“लागली ना. पण डोकं चालवलं. म्हटलं, सहदेवा, मोजणी कशी होते? पहिला एक. म्हणजे पहिल्या खोक्याला एक. आणि शून्य? शून्य येतं दहाच्या शेपटाला. ते मागे. लावल्या टोप्या, घातले हार, गेलो घरी आपटा-झेंडू घेऊन.”

कँटीनमध्ये हशा पिकला.

“हसता काय? तुम्ही काय शून्यापासून मोजता रे? ए धोंड्या, तुला पोरं किती विचारलं तर काय शून्य, एक, दोन असं सांगतोस?”

आता तर धोंडिरामनेही झारा ठेवून टाळी दिली. हसली नाहीत ती तीन माणसं. नलिनीबाई नारळाच्या शेंडीकडे बघत होत्या. पाटणकरांनी घड्याळाकडे बघणं सोडलं होतं. आणि तिसरा विद्याधर कर्णिक, मशीनचा इंजिनियर, ज्याला बाईंच्या निरोपासाठी मुद्दाम बोलावलं होतं; त्याच्या हातातला वडा तोंडापर्यंत जाऊन थांबला होता.

सहदेवने कर्णिककडे पाहिलं आणि त्याला तो सोमवार जसाच्या तसा दिसला.

सोमवारी सकाळी बाईंनी कळ दाबली. रोज दोन मिनिटांत कन्सोलचा टाइपरायटर खडखडायला लागायचा. त्या दिवशी त्याने कागदावर एकच ओळ छापली आणि गप्प बसला. पुन्हा दाबली, पुन्हा तीच ओळ. बाईंनी वही काढली, वहीतलं सगळं करून पाहिलं, आणि साकीनाक्याला इंजिनियरच्या ऑफिसात फोन लावला. नेहमीचा इंजिनियर सुट्टीवर होता. आला तो कर्णिक, नोकरीला लागून चार महिने झालेला.

त्याने दोन्ही खोक्यांवरचे हार ओढून काढले. “पूजा केलीत ती केलीत, मशीनमध्ये कुंकू कशाला भरलंत हो?” केबली काढल्या, लावल्या. झाकणं उघडली, मिटली. दोन तास झाले. तोवर पाटणकर येऊन उभे राहिले होते. त्यांना उभं राहणं भागच होतं. रक्तदात्यांची कागदी कार्डं आता कशाला हवीत म्हणून त्यांनीच पाच महिन्यांपूर्वी रद्दीत घातली होती. टेपवर काढून ठेवलेली नक्कल होती जूनची, आणि पावसाळ्यात तिला बुरशी आली होती.

“सर, बूट व्हॉल्यूमच मिळत नाहीये,” कर्णिक म्हणाला.

“मराठीत सांगा.”

“मशीन ज्या डिस्कवरून उठतं ना, ती शून्य नंबरची डिस्क. तिच्यावर उठण्यापुरतंसुद्धा काही नाही. कोरी पाटी.”

“पाटी कोरी झाली कशी? शनिवारी चालू होतं. कुणी हात लावला?” पाटणकर गर्रकन वळले. “ज्याने कुणी या मशीनला हात लावला असेल, तो संध्याकाळी गेटबाहेर. पर्मनंट असो, बदली असो, मी बघणार नाही.”

सहदेव बदली होता. चौदा महिने झाले होते. तरीही तोवर त्याला काही उमगलं नव्हतं. टोप्या त्याच्या लेखी दिव्यावरच्या काचा होत्या.

“काळजी करू नका सर,” कर्णिक म्हणाला. “टेपवरून नवीन युनिक्स उतरवतो या शून्य नंबरवर. आहे ते सगळं पुसलं जाईल, पण त्यावर आहेच काय? तुमचं रजिस्टर एक नंबरवर. त्याला धक्का नाही.”

“पण नक्की शून्य नंबर हाच ना? आपण उजव्यावर लिहिणार आहोत,” पाटणकर म्हणाले.

“डावं-उजवं मशीनला कळत नाही, सर. ते ही टोपी बघतं. टोपीवर शून्य, तो शून्य.”

भिंतीशी चहाचा ट्रे धरून उभ्या असलेल्या सहदेवने दोन्ही टोप्यांकडे पाहिलं.

आता त्याला सगळं कळलं. उजव्या खोक्यात रजिस्टर आहे. त्याच्या कपाळावर शून्य आपण लावलं. हा पोरगा रजिस्टर पुसणार. कोरी पाटी नव्हे, चौदा हजार माणसं पुसणार. आणि त्या चौदा हजारांत नऊ माणसं अशी होती, की ज्यांच्यासाठी शेजारच्या केबिनमध्ये नलिनीबाई तासभर फोन धरून बसल्या होत्या. घाटकोपरच्या एका दवाखान्यात एक बाळंतीण रक्तस्रावाने आटत चालली होती. तिचा रक्तगट तो दुर्मिळ, याच शहराच्या नावाचा, बॉम्बे ग्रुप. तिला दुसऱ्या कुठल्याही गटाचं रक्त चालत नव्हतं. नऊपैकी पाच नावं बाईंनी आठवून सांगितली होती. पत्ता एकाचाही आठवत नव्हता.

बोलायचं एवढंच होतं: “साहेब, टोप्या मी काढल्या.” पाच शब्दसुद्धा नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर तासन् तास लोकांना जागेवरून हलू दिलं नाही, त्याच्या तोंडातून ते चार शब्द बाहेर येईनात. त्याला गोणपाट दिसत होतं, आणि त्यावर मोड आलेले कांदे. कर्णिकने टेपचं चाक अडकवलं. टेपचं टोक ओवलं. “वीस मिनिटांचं काम,” म्हणाला आणि कन्सोलवर आज्ञा टाइप करायला लागला.

तेवढ्यात नलिनीबाई आत आल्या. हार निघाले होते, झाकणं उघडी होती, दोन्ही दिवे लागले होते. दारातच त्यांची नजर डाव्या खोक्यावर गेली. एक. दीड वर्ष रोज सकाळी तिथे शून्य बघितलेली बाई ती. शनिवारी पेपरवर वाळत घातलेल्या टोप्याही तिने बघितल्या होत्या.

त्यांनी सहदेवकडे पाहिलं.

किती वेळ पाहिलं, ते सहदेवला अजून सांगता येत नाही. मान खाली घालून तो ट्रेकडे बघत राहिला. चहावर साय धरली होती. बाई थांबल्या होत्या, त्याच्यासाठी थांबल्या होत्या, एवढं त्याला खाली बघूनही कळत होतं. कर्णिकचं बोट शेवटच्या कळीकडे गेलं.

“कर्णिक, थांबा,” बाई म्हणाल्या. “टोप्या शनिवारी मी काढल्या होत्या. धुवायला. उलट्या लागल्यात.”

खट, खट. दोन टोप्या निघाल्या, दोन बसल्या. कळ दाबली. कन्सोल खडखडायला लागला तो थांबेचना. पाच मिनिटांत नऊ नावं आणि नऊ पत्ते कागदावर होते. मानखुर्दला राहणारा एक गवंडी परातीतली वाळू तशीच टाकून टॅक्सीत बसला, आणि संध्याकाळी घाटकोपरची बाई डोळे उघडून आपलं मूल मागत होती.

संध्याकाळीच नलिनीबाईंच्या टेबलावर मेमो आला. कॉम्प्युटर विभागाची इन्चार्ज म्हणून त्यांच्या नेमणुकीचं पत्र टाइप होऊन सहीला गेलं होतं, ते सहीविनाच परत फिरलं. रजिस्टर वाचलं म्हणून गेटबाहेर नाही, पण बुधवारपासून केसपेपरची खिडकी. जानेवारीत सहदेवच्या हाती पर्मनंट झाल्याचा कागद पडला. त्यात लिहिलं होतं, यंत्राची निगा उत्तम राखल्याबद्दल.

त्यानंतर कधीतरी कँटीनमध्ये कुणी विचारलं, काय रे झालं होतं दसऱ्याला? आणि सहदेवने गोष्ट सांगितली. साच्यावरची नजर ती, तिला टोप्या उलट्या दिसल्या, आणि सहदेव ओरडला, “साहेब, थांबा!” टोप्या कुणी काढल्या? “कुणीतरी,” असं म्हणून तो डोळा मारायचा. नाव त्याने कधी घेतलं नाही. ते ऐकणारे आपापसांत घ्यायचे. त्यांना मेमो ठाऊक होता.

एकदा त्याने प्रयत्न केला होता. नाही असं नाही. मेमोनंतर चार महिन्यांनी तो केसपेपरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पाऊण तासाने खिडकी आली.

“नाव?” बाईंनी मान वर न करता विचारलं.

“बाई, मी सहदेव.”

“वय?”

“बाई, माका... मला जरा बोलायचं होतं. इथे,” त्याने छातीवर हात ठेवला, “इथे लई दिवस—”

“किती दिवस?”

“दसऱ्यापासून.”

बाईंनी केसपेपरवर लिहिलं, ‘छातीत दुखणे, दसऱ्यापासून.’ कागद खिडकीतून सरकवला. “पहिला मजला, खोली चार. पुढचे कोण आहेत?”

मागून धक्का बसला तसा तो पुढे गेला. चार नंबरच्या डॉक्टरांनी त्याला आडवं करून तारा लावल्या. पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले, “हृदय झकास आहे तुझं. काही झालेलं नाही.” ती पट्टी रुक्मिणीने गणपतीच्या फोटोमागे ठेवली. खरं काय झालं होतं ते त्या दिवशी त्याने तिला सांगितलं, तिला एकटीलाच.

“अरे, पुढे बोल ना!” धोंडिराम काउंटरवर थाप मारून ओरडला. “टोप्या तू उलट्या लावल्यास. मजा आहे, नवीन आहे. कर्णिकसाहेबांनी टेप लावली. बोट कळीवर. आणि मग?”

“मग सहदेवमामा म्हणाले, साहेब, थांबा!” पद्मजाने त्याच्यासारखा हात वर केला.

सहदेवने हात वर केला नाही.

“मी नाय बोललो,” तो म्हणाला.

“मग कोण बोललं?”

“मी ट्रे धरून उभा होतो. मला सगळं कळलं होतं. बाईंना नाय कळलेलं तेव्हापासून मला कळलं होतं. पुसलं जाणार, ती बाय तिकडे मरणार, सगळं. आणि मी चहाकडे बघत होतो. बोलल्या त्या बाई. टोप्या मी काढल्या, असं त्या बोलल्या. त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता. त्यांचा कॉम्प्युटर गेला, माझी नोकरी राहिली. तीन वर्षं मी तुमचा वडा खातोय त्याच्यावर.”

धोंडिरामची कढई तेवढी तडतडत होती. कुणीतरी हसायला सुरुवात करून मध्येच सोडून दिलं. गोष्टीत हसायची जागा नेमकी कुठे, ते कुणाला कळेना.

“पण... पण त्या वेळी बाई स्वतः म्हणाल्या मला,” कर्णिक चाचरत बोलला. “मी होतो ना तिथे.”

“होता साहेब. मी पण होतो.”

पाटणकर उठले. भाषण करताना त्यांचा जो आवाज होता तो हा नव्हता.

“घाडीगावकर, तुझ्या कन्फर्मेशनवर माझी सही आहे.”

“होय साहेब.”

“म्हणजे खोट्यावर घेतलीस तू माझी सही. दोन वर्षं उरलीत ना तुझी? एका दिवसात उरकतील. सकाळी दहाला केबिनमध्ये ये.” मग ते वळले. “पण आधी मला यांच्याकडून ऐकू दे. तुझ्या तोंडचं मी पुरावा म्हणून धरत नाही, कुणीच धरणार नाही. नलिनीबाई, हा म्हणतो ते खरं आहे?”

पस्तीस माना पुढच्या खुर्चीकडे वळल्या. सहदेवही बघत होता, सरळ, मान वर करून. आता दहा वाजता काय व्हायचं ते होवो. रुक्मिणीला सांगता येईल. गोणपाट अजून माळ्यावर आहे. बाईंनी फक्त “हो” म्हणावं, सगळ्यांच्या देखत, एकदा. त्यापुढे त्याला काही नको होतं. त्याचे ओठ नकळत त्या एका अक्षराचा आकार करून बसले होते.

नलिनीबाईंनी नारळ शेजारच्या खुर्चीवर ठेवला. शालीची घडी मोडली होती, ती नीट केली. उठून उभ्या राहिल्या आणि पाटणकरांकडे बघूनच बोलल्या, खिडकीतून बोलायच्या त्याच आवाजात.

“खोटं आहे, साहेब. चार वर्षं ओळखते मी याला, एक अक्षर कधी खरं बोलला नाही. टोप्या मीच काढल्या होत्या.”